टीएसनेटवर वॉटर हॅमर: उन्हाळ्यापासून वापरतोय

ईपानेटमध्ये (पाणीपुरवठ्याच्या जाळ्याचे गणित करणारे सॉफ्टवेअर) पंप बंद केला की पुढच्या टप्प्यात प्रवाह शून्य दिसतो, बस्स. मधल्या काही सेकंदांत दाबाच्या लहरीने पाईपवर काय गुजरते (हाच वॉटर हॅमर), ते गणित त्यात नाहीच. आमच्या भागातल्या रायझिंग मेनवर (पंपापासून टाकीपर्यंत चढणारी लाईन) लाईट जाणे रोजचे, आणि मला नेमके तेच सेकंद हवे होते. परवान्याची सॉफ्टवेअर छोट्या कन्सल्टंटला झेपत नाहीत. टीएसनेट हे गणित करते, फुकट आहे, पायथनवर चालते, ईपानेटचीच फाईल उचलते.

व्हॉल्व्ह बंद करण्याच्या केसेस ते झकास सोडवते. साध्या लाईनवर जुकोव्हस्कीच्या सूत्राशी (पाणी एकदम अडवल्यावर चढणारा दाब देणारे) ताडून पाहिले. डीआय (डक्टाइल आयर्न) पाईपमध्ये लहरीचा वेग सेकंदाला ११०० मीटर धरून, १ मीटर वेगाने वाहणारे पाणी एकदम अडवले की हेड (पाण्याच्या उंचीत मोजलेला दाब) सुमारे ११२ मीटरने चढते, म्हणजे ११ बार. घर्षण नगण्य ठेवल्यावर आलेखातही तेवढेच. ३.३ किलोमीटरच्या लाईनीत लहर जाऊन परत यायला ६ सेकंद लागतात. व्हॉल्व्ह त्याच्या आत बंद झाला तर शेवटी दणका तेवढाच. ऑपरेटरला हे तोंडी सांगून पटत नाही, आलेख बघून पटते.

लहरीचा वेग मात्र स्वतः भरा. टीएसनेटच्या उदाहरणातला १२०० एचडीपीईला (प्लास्टिकचा पाईप, त्यात लहर हळू जाते) तसाच ठेवलात तर दाब तिप्पट-चौपट दिसेल.

जाळ्यात कुठे २ मीटरचा तुकडा राहिला असेल तर टाइम स्टेप (गणिताचा एकेक टप्पा) सेकंदाच्या हजारांशापर्यंत खाली येते आणि लॅपटॉप रेंगाळतो. असे तुकडे आधीच शेजारच्या पाईपात जोडून टाकावेत.

खरी अडचण पंप ट्रिपची, म्हणजे लाईट जाऊन पंप अचानक थांबण्याची. पंप किती सेकंदांत थांबेल हे आपणच सांगायचे! प्रत्यक्षात ते पंप-मोटरच्या जडत्वावर ठरते, आणि फ्लायव्हील (जडत्व वाढवणारे जड चाक) लावायचे की नाही हा प्रश्नच तिथे असतो. एअर व्हॉल्व्ह (पाईपात हवा आत घेणारा, बाहेर सोडणारा) ठेवायची सोय मला सापडली नाही. एका उंचवट्यावर दाब उणे २५ मीटर आला. वातावरणाच्या खाली पाणी फार तर १० मीटर उतरते, मग वाफ होऊन स्तंभ तुटतो आणि तो परत जुळताना पाईप फुटतात. तो भाग या आलेखात येत नाही.

म्हणून व्हॉल्व्हच्या वेळा आणि सर्ज टँकचा (दाबाचा चढउतार झेलणारी टाकी) पहिला अंदाज मी यावर काढतो. पंप ट्रिपचे अंतिम आकडे यावरून देत नाही.