डेमो कार: चालवायला नवी, कागदावर सेकंड ओनर

शोरूमची डेमो कार, म्हणजे ग्राहकांच्या ट्रायलसाठी ठेवलेली गाडी, नवी धरायची की जुनी, असं मला आता कोणी विचारलं तर मी आधी नंबरप्लेटचा रंग विचारतो. बाकीचं बरंचसं तिथेच ठरतं.

लाल पाटीवर पांढरी अक्षरं असतील तर गाडी ट्रेड सर्टिफिकेटवर, म्हणजे डीलरला मिळणाऱ्या परवान्यावर चालतेय. तिचं पासिंग झालेलं नसतं. ग्राहकाला ट्रायल देण्यापुरती ती रस्त्यावर आणायची मुभा केंद्रीय मोटार वाहन नियमांतच आहे. अशी गाडी घेतली तर आरसीवर पहिले मालक तुम्हीच. मी घेतलेली मात्र पांढऱ्या पाटीची, म्हणजे पासिंग झालेली होती: एमएच १४, मालक म्हणून डीलरची कंपनी, मीटर तीन हजारांच्या आत. चार मीटरच्या आतली, १२०० सीसीची पेट्रोल मॅन्युअल. मॉडेलचं नाव मुद्दाम टाकत नाही, कारण तक्रार गाडीबद्दल कमी आणि व्यवहाराबद्दल जास्त आहे.

"सर, डेमो म्हणजे नवीनच हो! सीटचं प्लास्टिकपण निघालं नाहीये," सेल्सवाला म्हणाला. प्लास्टिक होतं, पण मागच्या सीटवर. ड्रायव्हरच्या सीटची उजवी कड चढून-उतरून चकचकीत झाली होती. बरोबरच आहे, टेस्ट ड्राइव्हला मागे बसतं कोण?

खरी गंमत किमतीत होती. "ऑन-रोडवर सव्वा लाख डिस्काउंट" असं कागदावर लिहून दिलं होतं. पण कुठली ऑन-रोड? २२ सप्टेंबर २०२५ पासून या आकाराच्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी २८ अधिक १ टक्का सेसवरून थेट १८ वर आला. डेमो गाडी त्याआधीची, आणि सूट मोजली होती जुन्या किमतीवरून. दहा लाख एक्स-शोरूमची गाडी नव्या दराने साधारण नऊ लाख पंधरा हजारांवर येते. महाराष्ट्रात त्यावर ११ टक्के रोड टॅक्स धरला तर ऑन-रोडमध्ये ९५ हजारांचा फरक सरकारनेच पाडलेला. मग सव्वा लाखातले उरले किती? तीस हजार. तेवढ्यासाठी सेकंड ओनर कोण होईल!

घासाघीस करायला मला सगळ्यात जास्त उपयोग झाला तो विम्याच्या तक्त्याचा. आयडीव्ही, म्हणजे विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत काढताना सहा महिन्यांपर्यंतच्या गाडीला ५ टक्के घसारा धरतात, सहा महिने ते वर्षाच्या गाडीला १५. गाडी सहा महिन्यांच्या पुढची होती. मॅनेजरला म्हटलं, साहेब, तुमच्याच पॉलिसीत ही गाडी पंधरा टक्क्यांनी उतरलीय, मग मला नवी म्हणून कशी विकताय? तो हसला, आत जाऊन आला, आणि सप्टेंबरनंतरच्या किमतीवर लाखाच्या थोडी वर सूट दिली. पंधरा टक्के काही मिळाले नाहीत.

बिल हातात आल्यावर आणखी एक गोष्ट दिसली. डीलर जुनी गाडी विकतो तेव्हा एरवी जीएसटी फक्त त्याच्या मार्जिनवर लागतो. पण गाडी घेताना त्याने इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट घेतलेली असेल तर ती सवलत नाही. डेमो गाड्यांवर हे क्रेडिट घेता येतं असा खुलासा जीएसटी खात्याने सप्टेंबर २०२४ च्या परिपत्रकात केला आहे. माझ्या बिलावर त्यामुळे पूर्ण किमतीवर १८ टक्के. म्हणजे कर नव्या गाडीसारखा आणि आरसी जुन्या गाडीसारखी. बँकेने तर विषयच मिटवला: "युज्ड कार लोन", व्याज नव्या गाडीपेक्षा जास्त.

आरटीओचं काम म्हणजे मालकी बदलायचे नेहमीचे फॉर्म २९ आणि ३०. डीलरने या गाडीवर कर्ज उचललं होतं, त्यामुळे आधी बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ यायची वाट बघावी लागली. शोरूममध्ये उभ्या असलेल्या गाडीवर बोजा असेल हे सहसा आपल्या डोक्यात येत नाही. परिवहन अ‍ॅपवर नंबर टाकून आधीच बघून घ्या. फायदा म्हणाल तर वन-टाइम टॅक्स डीलरने भरलेला होता, तोही कंपनीच्या नावावरच्या गाडीला आपल्याकडे जो जास्त दर लागतो त्या दराने. राज्यातच ट्रान्सफर असल्याने मला पुन्हा भरावा लागला नाही.

गाडी घरी आली आणि ब्लूटूथ लावायला गेलो तर यादी भरलेली. कोणाचा रेडमी, कोणाचा गॅलक्सी, कोणाच्या आयफोनचे तर कॉन्टॅक्टसुद्धा तसेच. ते पुसून टाकलं. पण कंपनीच्या कनेक्टेड अ‍ॅपमध्ये (ज्यावर गाडीची माहिती फोनवर दिसते) गाडी जोडायला गेल्यावर उत्तर आलं, ही गाडी दुसऱ्या खात्याला जोडलेली आहे. अर्थात डीलरच्या. म्हणजे माझी गाडी कुठे उभी आहे, किती वेगाने चाललीय, हे शोरूममधल्या कोणाच्या तरी फोनवर दिसत होतं! फोनवर "सर, करून घेतो" चालू राहिलं. शेवटी कंपनीच्या कस्टमर केअरला आरसीची प्रत मेल केली तेव्हा ते खातं तुटलं. डिलिव्हरीच्या टेबलावरच हे करून घ्या, चावी घेण्याआधी.

आता चालवण्याबद्दल. इंजिन उत्तम आहे. आवाज नाही, ऑइल खात नाही, शहरात तेरा-साडेतेरा आणि कोल्हापूरच्या रस्त्याला अठराच्या आसपास देते. सस्पेन्शन घट्ट, एसी कडक, उन्हाळाभर कुरकुर नाही. डोळे बांधून बसवलं तर नवी गाडी नाही असं कोणी म्हणणार नाही, फक्त पहिला गिअर टाकेपर्यंत.

कारण क्लच. डेमो गाडीचे तीन हजार किलोमीटर म्हणजे कोणा एकाचे तीन हजार नव्हेत. दोन-दोन, चार-चार किलोमीटरच्या फेऱ्या, इंजिन गार असतानाच रेस, आणि प्रत्येक फेरीला नवा पाय. त्यात अर्धे लोक पहिल्यांदाच त्या गाडीत बसलेले. घेतानाच क्लच वर पकडत होता. खंबाटकी घाटात ट्रकच्या मागे थांबून चढावर उचलायची वेळ आली की पहिल्या गिअरला गाडी थरथरते आणि जळका वास येतो. सर्व्हिस सेंटरवाल्याने ट्रायल घेतली, थरथर मान्य केली आणि म्हणाला, "क्लच प्लेट वेअर अँड टेअरमध्ये येते, वॉरंटीत नाही बसत." ओळखीच्या गॅरेजवाल्या दादांनी चाक फिरवून डिस्क, टायर बघितले. टायरवरचे आठवडा-वर्षाचे चार आकडे जुळत होते, काचाही मूळच्याच, पण पुढच्या बंपरचा डावा कोपरा रंगवलेला. "शिकाऊ हात लागलेत गाडीला," एवढंच ते बोलले.

वॉरंटी डीलरने स्वतःच्या नावावर गाडी घेतली त्या दिवसापासून मोजतात, तेवढे महिने गेलेच. फ्री सर्व्हिसपैकीही एक मुदतीतून सुटली होती. विमा ट्रान्सफरचा अर्ज चौदा दिवसांत द्यावा लागतो, तो शोरूमवर सोडू नका. डीलरचा नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट) आपल्याला मिळत नाही, पण जुन्या गाडीवरचा स्वतःचा होता तो मी वापरला.

भाचा जर्मनीत असतो. त्याचं म्हणणं, युरोपात एका देशातून दुसऱ्या देशात गाडी नेली की व्हॅटसाठी सहा महिने किंवा सहा हजार किलोमीटर, यांपैकी एका मर्यादेच्या आत असली तरी ती नवीच धरतात. त्या हिशोबाने माझी गाडी घेतली तेव्हा नवी ठरली असती. आपल्याकडे आरसीवरचा मालकाचा क्रमांक बघतात आणि पुढे जातात.

त्याचा झटका मला मध्यंतरी बसला. सहज म्हणून एका जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याकडून किंमत काढली. त्याने बॉनेटही उघडलं नाही. नंबर टाकला, "सेकंड ओनर" म्हणाला. मी सांगितलं, पहिला मालक शोरूमच होता, डेमो गाडी आहे. तो म्हणाला, "मग तर अजून पाच कमी करा साहेब, शंभर जणांनी चालवलीय." पाच म्हणजे पाच हजार असावेत असं मी समजून चाललो आहे. गाडी विकत नाहीये, क्लच प्लेट तेवढी पावसाळ्याआधी दादांकडे बदलून घेणार आहे.