लेकीला घेऊन सोलापूर ते वानखेडे, व्हाया सगळी मैदानं : कसं वाटलं

आधीच सांगून टाकते, क्रिकेटवेडं पोर घरात असेल तर एकदा तरी वानखेडेवर मॅच दाखवाच, आणि खालच्या महाग सीटच्या मागं न लागता वरच्या मजल्याचं तिकीट काढा. आम्ही मे महिन्यात गेलो, मी आणि माझी लेक, ती पाचवीत आहे आणि ऑफस्पिन टाकते. सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं रात्रीत मुंबई गाठता आली असती, पण वाटेत जेवढी मैदानं आहेत तेवढी तिला दाखवायची होती म्हणून गाडीच काढली.

इकडं ऊन कसलं असतं ते सोलापूरकरांना सांगायला नको, त्यामुळं पहाटे निघा, टेंभुर्णी-इंदापूर उन्हं चढायच्या आत मागं पडलं पाहिजे. कडक भाकरी आणि शेंगाचटणी सोबत ठेवा, कारण हायवेवरच्या एका हॉटेलात आम्हाला कालची भाजी गरम करून दिली आणि बिल मात्र ताज्याचं लावलं.

पुण्यात स्वारगेटजवळ नेहरू स्टेडियम आहे, आपण एसटीतनं उतरतो तिथून जवळच, पण कुणी मान वर करून बघत नाही. 1996 च्या वर्ल्डकपमध्ये 29 फेब्रुवारीला केनियानं याच मैदानावर वेस्ट इंडीजला 93 मध्ये गुंडाळलं होतं, तेही स्वतः फक्त 166 करून. लेकीला खरंच वाटेना, केनिया? मग गाडीत बसल्या बसल्या तिला सगळा स्कोअरकार्ड वाचून दाखवला. पुण्याबाहेरचं गहुंजेचं स्टेडियम बाहेरूनच बघितलं, मागं डोंगर आणि मोकळं आभाळ, जागा फार सुंदर आहे, कोहलीचे नाबाद 254 इथलेच, 2019 चे. पण मैदानाचा बराच भाग उघडा आहे, म्हणून दुपारची मॅच असेल तर लहान मुलांना नेताना विचार करा.

नेरूळचं डी. वाय. पाटील मात्र मुली असलेल्यांनी अजिबात चुकवू नका. त्या दिवशी आत जायला नाही मिळालं, गेटबाहेरच उभ्या राहिलो, तरी माझ्या अंगावर काटा आला. महिला वर्ल्डकपच्या सेमीफायनलला, 30 ऑक्टोबर 2025 ला, जेमिमा रॉड्रिग्जनं ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद 127 इथंच केले, 339 चा पाठलाग होता, आणि 2 नोव्हेंबरला हरमनप्रीत कौरच्या टीमनं वर्ल्डकप उचलला तोही इथंच. फायनल आम्ही घरी टीव्हीवर रडत रडत बघितली होती. लेक गेटकडं तोंड करून हवेतच बॉलिंग ॲक्शन करत होती, दीप्ती शर्मानं त्या फायनलला पाच विकेट घेतल्या ना, आणि मी तिला सांगत होते की बॅटर किरण नवगिरे आपल्याच जिल्ह्यातली, माळशिरस तालुक्यातली, तर ती म्हणाली माहितीये गं आई, टी-ट्वेंटीत नाबाद 162 केलेत तिनं. मला वाटतं पोरींना असं मैदान नुसतं बाहेरून दाखवलं तरी त्यांच्यात काहीतरी हलतं.

आता वानखेडे. गाडी नवी मुंबईत नातेवाइकांकडं ठेवा आणि लोकलनं जा, चर्चगेट यायच्या जरा आधी खिडकीतनं स्टेडियम दिसतं, पोरं तिथंच किंचाळायला लागतात. बॅग, पाण्याची बाटली, पॉवरबँक काही आत सोडत नाहीत, नुसतं मोबाईल आणि पैसे घेऊन जायचं. एका गेटला पॉली उम्रीगरांचं नाव आहे, ते नक्की दाखवा, कारण उम्रीगर जन्मले सोलापुरात, 1926 साली. टेस्टमध्ये भारताकडून पहिली डबल सेंच्युरी त्यांची, 1955 ला न्यूझीलंडविरुद्ध 223. सोलापूरच्या पार्क मैदानावर रोज प्रॅक्टिसला जाणाऱ्या आपल्या किती पोरांना हे माहीत असेल?

गेट उघडलं की लगेच आत जा, ही माझी सगळ्यात महत्त्वाची टीप. मॅच साडेसातला, पण त्याआधी खेळाडू मैदानात येऊन प्रॅक्टिस करतात, गर्दी नसते, गाणी सुरू झालेली नसतात. वरच्या मजल्यावरनं बॅट फिरलेली आधी दिसते आणि टक्क आवाज जरासा उशिरा पोचतो. लेकीनं ते पकडलं आणि कितीतरी वेळ डोळे बारीक करून तेच ऐकत बसली, शाळेत शिकलेलं प्रकाश आणि आवाजाचं सगळं तिला तिथं कळलं. आणि हे टीव्हीवर कधीच नाही बघा, वरनं अख्खी फिल्डिंग दिसते, स्पिनर आला की कोण कुठं सरकलं, कॅप्टननं हातानं काय खुणावलं, मिडविकेट दोन पावलं मागं का गेला. स्टँड चढे आहेत त्यामुळं पुढच्याचं डोकं मध्ये येत नाही, लहान पोरांसाठी ही फार मोठी गोष्ट आहे. धोनीचा 2011 च्या वर्ल्डकप फायनलचा सिक्स जिथं पडला त्या खुर्च्या एमसीए पॅव्हेलियन स्टँडला आहेत, समोरनं बोट दाखवून सांगता येतं.

दमट हवेची तयारी ठेवा, आपल्या कोरड्या उन्हापेक्षा ती जास्त थकवते, सुती कपडेच घाला. आणि मुक्काम करा, मॅच संपायला अकरा-साडेअकरा होतात, चर्चगेटला तोबा गर्दी असते, पोराचा हात सोडायचा नाही आणि त्याच रात्री सोलापूरला गाडी मारायचा विचारही करायचा नाही. तिकिटं ऑनलाइन सुटली की पटापट संपतात, म्हणून तारीख बघून ठेवा आणि मुलांच्या तिकिटाचा नियम तिथंच वाचून घ्या.