कानाची मशीन आणि स्मरणशक्ती: नागपुरातल्या श्रवणसेवेचं परीक्षण

कानाच्या मशीनची चौकशी करायला गेलं की हल्ली एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं: "बाबांना आत्ताच मशीन लावा, नाहीतर पुढे विसरण्याचा आजार लागेल." धंतोली, रामदासपेठ, बर्डी या पट्ट्यात श्रवणकेंद्रांची कमी नाही. एका कानाच्या यंत्राची किंमत साधारण १५ हजारांपासून सुरू होते आणि लाख-दीड लाखाच्या पुढे जाते. एवढा पैसा धास्तीपोटी खर्च होऊ नये, म्हणून या वाक्यात तथ्य किती आणि त्या तथ्याला साजेशी सेवा कशी ओळखायची, हे इथे मांडतो आहोत. ब्रँडची तुलना मुद्दाम केलेली नाही. चांगल्या कंपन्यांच्या यंत्रांमधल्या फरकापेक्षा ते बसवणाऱ्यांमधला फरक जास्त मोठा असतो.

संबंध आहे, यात शंका नाही. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या फ्रँक लिन यांच्या गटाने २०११ मध्ये ६३९ जणांचा सुमारे १२ वर्षांचा पाठपुरावा प्रसिद्ध केला. नीट ऐकू येणाऱ्यांच्या तुलनेत सौम्य बहिरेपण असलेल्यांत स्मृतिभ्रंशाचा धोका दुपटीच्या आसपास, मध्यम असलेल्यांत तिप्पट आणि तीव्र असलेल्यांत पाचपट निघाला. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाच्या, आटोक्यात आणता येण्याजोग्या १४ कारणांची यादी दिली. त्यात ऐकू कमी येण्याचा वाटा सुमारे ७ टक्के धरला आहे. वाईट कोलेस्टेरॉलचा वाटाही तेवढाच. म्हणजे हे एक मोठं कारण आहे, पण एकमेव नाही.

हे का होत असावं, याची तीन स्पष्टीकरणं दिली जातात. तुटक ऐकलेलं जोडून अर्थ लावण्यात मेंदूची ताकद खर्ची पडते आणि लक्षात ठेवायला उरत नाही. माणूस गप्पांतून, लग्नकार्यांतून हळूहळू अंग काढून घेतो. आणि आवाजाचा खुराक कमी झाला की मेंदूचे संबंधित भाग लवकर आक्रसतात. वयानुसार येणाऱ्या बहिरेपणात आधी उंच पट्टीचे आवाज जातात. स्वर ऐकू येतात, पण स, श, फ, थ, ख अशी व्यंजनं निसटतात. म्हणूनच "ऐकू येतं, पण कळत नाही" ही तक्रार खरी असते. ओरडून बोलल्याने स्वर मोठे होतात, व्यंजनं नाही.

मग मशीनने धोका टळतो का? याचा आजवरचा सर्वांत भक्कम प्रयोग म्हणजे अमेरिकेतला 'अचीव्ह'. २०२३ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. वयं ७० ते ८४, माणसं ९७७, मुदत ३ वर्षं. सगळ्यांचा एकत्र हिशोब केला तर मशीन मिळालेल्यांच्या आणि न मिळालेल्यांच्या बुद्धीच्या ऱ्हासात फरक दिसला नाही. पण ज्यांना हृदयविकाराची जोखीम आणि इतर कारणांनी मुळातच धोका जास्त होता, त्या २३८ जणांच्या गटात मशीन मिळालेल्यांच्या ऱ्हासाचा वेग ४८ टक्क्यांनी कमी झाला. मधुमेह, रक्तदाब असलेल्या ज्येष्ठांच्या घरच्यांनी हा आकडा गांभीर्याने घ्यावा. मात्र तो "स्मृतिभ्रंश ४८ टक्के टळतो" असा कुणी सांगितला तर ते चूक आहे. आणखी एक सावधगिरी: ब्रिटनमधल्या चार लाखांवर लोकांच्या माहितीवर आधारलेला, मशीनच्या बाजूचा एक गाजलेला अभ्यास २०२३ च्या डिसेंबरमध्ये मागे घेतला गेला. संगणकीय विश्लेषणातल्या चुकीमुळे मशीन वापरणारे आणि न वापरणारे हे गटच उलटे झाले होते. कुणी तो पुरावा म्हणून पुढे केला, तर सांगणाऱ्याचं वाचन जुनं आहे असं समजा.

'अचीव्ह' प्रयोगात लोकांच्या हातात नुसती मशीन ठेवली नव्हती. ऑडिओलॉजिस्टबरोबर (श्रवणतज्ज्ञाबरोबर) तासाभराच्या चार बैठका, दोन्ही कानांना जुळवलेली यंत्रं, वापराचं शिक्षण आणि दर सहा महिन्यांनी उजळणी, असं ते सगळं मिळून होतं. फायदा दिसला तो या सगळ्याचा. तेव्हा स्मरणशक्तीच्या नावावर मशीन विकणाऱ्या केंद्राला याच मापाने मोजायला हवं.

पहिलं माप तपासणीचं. आवाजबंद खोलीत, हवेतून २५० ते ८००० हर्ट्झपर्यंत आणि शिवाय हाडातूनही, असं दोन्ही तऱ्हेने मोजमाप झालं पाहिजे. त्याआधी दुर्बिणीतून कान पाहून मळ काढलेला हवा. मळाच्या घट्ट गोळ्यामुळे चांगल्या कानाचाही श्रवण-आलेख (तपासणीचा कागद) खाली जातो. "घरी येऊन मोफत तपासणी" या सेवेला आम्ही कमी गुण देतो. शेजारच्या खोलीत कूलर चालू असला तरी खालच्या पट्टीचे आकडे खोटे येतात आणि त्यावर बेतलेली मशीन चुकीची बसते. शब्द ओळखण्याची चाचणीही आवश्यक आहे, आणि ती मराठी शब्दांची. घरी वऱ्हाडी बोलणाऱ्या आजीला इंग्रजी शब्द ऐकवून काहीच कळत नाही. तपासणाऱ्याचा भारतीय पुनर्वसन परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारा. खरा ऑडिओलॉजिस्ट तो आनंदाने दाखवतो.

दुसरं माप जुळवणीचं, आणि इथेच बहुतेक ठिकाणी पाणी मुरतं. आलेख संगणकात टाकून 'फर्स्ट फिट'चं बटण दाबलं, की दहा मिनिटांत मशीन सुरू होते. पण प्रत्येकाच्या कानाची पोकळी वेगळी, त्यामुळे पडद्यापाशी पोचणारा आवाज अंदाजापेक्षा बराच कमीजास्त निघतो, विशेषतः व्यंजनांच्या उंच पट्टीत. यावर उपाय म्हणजे कानात बारीक नळी घालून आवाज प्रत्यक्ष मोजायचा. याला 'रिअल इअर' मोजमाप म्हणतात. दोन कानांना पंधरा-वीस मिनिटं लागतात. फोनवरच विचारा: "तुमच्याकडे रिअल इअर आहे का, आणि प्रत्येक ग्राहकाचं करता का?" उत्तर गुळमुळीत आलं तर पुढचं केंद्र बघा. १६ चॅनेलची (आवाज १६ पट्ट्यांत विभागून हाताळणारी) मशीन मोजून बसवलेली असेल, तर ती न मोजता बसवलेल्या ४८ चॅनेलच्या मशीनपेक्षा कामाची ठरते.

तिसरं माप पाठपुराव्याचं. सुरुवातीला यंत्र पूर्ण ताकदीवर ठेवत नाहीत. वर्षानुवर्षं शांततेला सरावलेल्या मेंदूला भांड्यांचा आवाजही टोचतो. पहिले काही दिवस शांत खोलीत, समोरासमोरच्या बोलण्यासाठी दोन-चार तास, मग हळूहळू दिवसभर. पहिल्या दोन महिन्यांत तीन-चार वेळा ताकद वाढवून घ्यावी लागते. आपलाच आवाज मडक्यात बोलल्यासारखा घुमतो अशी तक्रार आली, तर डोम (कानात बसणारी मऊ टोपी) बदलावा किंवा कानाच्या मापाने बनवलेल्या साच्याचं छिद्र मोठं करावं. शिट्टी वाजते तेव्हा डोम सैल असतो, नीट आत गेलेला नसतो किंवा कानात मळ असतो. आवाज एकदम मंदावला तर आधी मळाची जाळी बदलून बघा. दुरुस्तीला टाकण्याची वेळ बहुधा येत नाही. दर भेटीत 'डेटा लॉगिंग' दाखवायला सांगा. मशीन रोज सरासरी किती तास चालू होती, हे संगणकावर दिसतं. एक-दोन तास दिसले तर पेटीत पडलेल्या मशीनचा मेंदूला काही उपयोग नाही, आणि कारण शोधणं केंद्राचं काम आहे.

नागपूरच्या उन्हाळ्याबद्दल थोडं सविस्तर. एप्रिल ते जून घराघरांत कूलर असतो आणि एसीच्या शांत दालनात छान वाटलेली मशीन घरी आल्यावर नकोशी होते. कूलरची घरघर सलग आणि खालच्या पट्टीची असते. चांगली मशीन ती बऱ्यापैकी दाबते, पण डोम मोकळा असेल तर घरघर छिद्रातून थेट आत जाते आणि तिथे यंत्राचा इलाज चालत नाही. म्हणून चाचणी वापरासाठी किमान आठवडाभर मशीन घरी मागा, शक्यतो कूलरच्या दिवसांत. कूलर पाठीशी येईल असं बसवा, बोलणाऱ्याने तीन-चार फुटांवर समोर बसावं, जेवताना कूलरचा पंखा हळू करावा. कानामागच्या घामाचं मीठ माइकच्या छिद्रात बसतं. रात्री कोरड्या फडक्याने पुसून, सेलचं दार उघडं ठेवून, सिलिका जेलच्या डबीत ठेवा. गाडीच्या डॅशबोर्डवर कधीच नको. झिंक-एअर सेलचं स्टिकर काढल्यावर दोन-तीन मिनिटं थांबून मगच तो बसवा. एकदा स्टिकर निघालं की वापरा किंवा वापरू नका, सेल उतरत जातो.

खर्चाची बाजू. पहिली तपासणी मेडिकल, मेयो किंवा मिहानमधल्या एम्स या सरकारी रुग्णालयांच्या कान-नाक-घसा विभागात करावी. गर्दी असते, पण तिथे कुणाला मशीन विकायची नसते. आलेखाची प्रत घेऊनच खासगी केंद्रात जा. राष्ट्रीय वयोश्री योजनेत ६० वर्षांवरच्या, दारिद्र्यरेषेखालील किंवा महिना १५ हजारांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना मोफत श्रवणयंत्र मिळू शकतं. राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरच्या पात्र ज्येष्ठांच्या खात्यात एकरकमी ३ हजार रुपये येतात. शिबिरातली मशीन नाकारू नका, पण ती ऑडिओलॉजिस्टकडून जुळवून घ्या. अपंगत्वाच्या प्रमाणपत्राची आशा मात्र फार धरू नये. कायद्यात ऊनश्रवणासाठी (कमी ऐकू येण्यासाठी) दोन्ही कानांत ६० डेसिबलची अट आहे आणि बहुतेक ज्येष्ठ त्याच्या अलीकडे असतात. श्रवणयंत्रावर जीएसटी शून्य आहे; बिलात लावला असेल तर विचारा. ऑनलाइन मिळणारे हजार-दोन हजारांचे 'साउंड अ‍ॅम्प्लिफायर' घेऊ नयेत. ते सगळंच मोठं करतात, कूलरसकट.

ऐकू येणं अचानक गेलं, किंवा एकाच कानाने जाऊ लागलं, तर मशीनचं दुकान गाठू नका. अचानक गेलेल्या कानावर पहिल्या तीन दिवसांत उपचार सुरू झाले तर ऐकणं परत येण्याची शक्यता जास्त असते. तेव्हा त्याच दिवशी कानाच्या डॉक्टरांकडे जा.

आणि विसरण्याची तक्रार घेऊन न्यूरॉलॉजिस्ट किंवा मानसोपचारतज्ज्ञांकडे जाणार असाल, तर आधी कान तपासून घ्या. स्मृतीची चाचणी तोंडी असते. पाच शब्द नीट ऐकूच आले नाहीत तर ते आठवणार कुठून? ऐकण्याची चूक विसरण्यात मोजली जाते. मशीन असेल तर ताजा सेल घालून ती लावूनच आत जा, आणि कोणत्या कानाने जास्त ऐकू येतं हे डॉक्टरांना सुरुवातीलाच सांगा.