जुना शेफिल्ड वस्तरा: पावसाळा-हिवाळा वापरल्यानंतर

गोदाकाठच्या बुधवारच्या बाजारात जुन्या वस्तऱ्याचा भाव चकाकीवर ठरतो. घेणाऱ्याने मात्र चकाकीलाच बिचकावं. बफ मारून लखलखीत केलेल्या पात्याचं पोलाद खाल्लेलं असतं, शिक्क्याच्या कडा बोथटलेल्या असतात. काळपट डाग चालतात. धारेलगत गंजाचे बारीक खड्डे असतील तर मात्र फुकटातही नको. धार लावायच्या दगडावर घेतलं की धार तिथेच तुटते.

हा वस्तरा जोसेफ रॉजर्सचा, म्हणजे इंग्लंडमधल्या शेफिल्ड शहरातल्या सुऱ्या-वस्तरे बनवणाऱ्या जुन्या कंपनीचा. मानेवर, म्हणजे पातं आणि मूठ यांच्यामधल्या भागावर, तारा, माल्टीज क्रॉस (चार रुंद हातांचा क्रूस) आणि ‘कटलर्स टू हर मॅजेस्टी’ (राणीसाहेबांचे सुऱ्या-वस्तरे बनवणारे) असा खोल ठोकलेला शिक्का आहे. हर मॅजेस्टी म्हणजे व्हिक्टोरिया, म्हणजे १९०१च्या आतला. शेफिल्डच्या जोडीला ‘इंग्लंड’ही आहे. अमेरिकेच्या १८९०च्या जकात कायद्याने आयात मालावर मूळ देशाचं नाव सक्तीचं केलं, तेव्हापासून ते सर्रास दिसतं. दोन्ही जुळवलं की १८९०चं दशक येतं. शिक्के मारायचे जुने ठसे पुढेही चालू राहू शकतात, म्हणून थोडं इकडेतिकडे धरावं. ‘स्टेनलेस’ लिहिलेला वस्तरा कुणी राणीच्या काळातला म्हणून विकत असेल तर हसावं आणि पुढे जावं. हॅरी ब्रेअर्लीने शोधलेलं ते न गंजणारं पोलाद शेफिल्डचंच, पण १९१३चं.

किंमत खरी ठरते पाठीवर, म्हणजे धारेसमोरच्या जाड कडेवर. वस्तरा दगडावर आडवा ठेवला की पाठ आणि धार दोन्ही टेकतात, दोन्ही झिजतात. व्हर्नियर (बारीक मापं घ्यायची पट्टी) लावून बघा: इथे रुंदी १९ मिमी, पाठ ५ मिमी, म्हणजे धारेचा कोन साधारण १५ अंश. पाठ ४ मिमी उरली असती तर कोन १२ वर आला असता आणि धार चिरमुटली असती. पाठीवर घासून सपाट झालेली पट्टी दोन्ही बाजूंना सारखी हवी. एका बाजूला रुंद असेल तर पातं वाकडं आहे किंवा धार लावणाऱ्याचा हात एकीकडे दाबत होता. धार मधेच आत गेलेली असेल तर सोडून द्या.

मूठ अस्सल आहे का, ते खिळ्यांवरून कळतं. पितळी खिळा आणि वॉशर दोन्हीकडे सारखे, सारखेच मळलेले हवेत. खिळ्याऐवजी स्क्रू दिसला की मूठ उघडलेली आहे. वाईट नाही, पण भाव उतरवून मागा. सेल्युलॉइडची (जुन्या प्लास्टिकची) मूठ चोळली की कापराचा वास येतो. ती कुजू लागली की आम्ल सुटतं आणि मुठीत झाकलेला भागच तेवढा गंजतो. तशी मूठ लगेच काढावी. या वस्तऱ्याची मूठ शिंगाची आहे, कडेला कसर लागलेली.

धार आधी १०००, मग ४०००, शेवटी ८०००च्या दगडावर (आकडा जितका मोठा, तितका दगड बारीक). पाठ उचलायची नाही. दाढीआधी चामड्याच्या पट्ट्यावर ४०-५० हात, पट्टा ताणलेला, पाठ पुढे. सैल पट्ट्यावर धार गोल होते. जाड पाचरी पातं असल्याने राठ दाढीवर अडखळत नाही, पण नाकाखाली अवघडच. त्या जागेसाठी जर्मनीतल्या झोलिंगेनचं, बाजू आत खोलगट घासून पातळ केलेलं पातं सरस.

पावसाळ्यात नुसतं पुसून भागत नाही. मानेच्या फटीत पाणी राहतं, तिथे कापडाची सुरळी फिरवावी आणि शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब सोडावा. खोबरेल नाशिकच्या थंडीत गोठतं. चामड्याच्या पाकिटात ठेवू नका, ते ओल धरतं.