शेवटचं एक मिनिट: फ्रंट लोड मशीन, बावीस महिन्यांनंतर

आमच्या वॉशिंग मशीनचं एक मिनिट सरासरी अकरा मिनिटांचं असतं. अंदाजपंचे सांगत नाहीये. भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाच्या आकड्यांखाली बारीक अक्षरात नोंदी आहेत: ७, १२, ९, ४, २१. पडद्यावर ०:०१ दिसल्यापासून मशीनने आपली धून वाजवून दार सोडेपर्यंत लागलेली मिनिटं. नवरा म्हणतो, एवढ्या निगुतीने गृहकर्जाचा हिशोब ठेवला असतास तर एव्हाना फिटलं असतं. त्याला धायरी फाट्यावरून ८:२५ ची बस पकडायची नसते. मला असते, आणि त्याआधी कपडे दोरीवर घालायचे असतात. मशीन ‘पंचेचाळीस मिनिटं बाकी’ म्हणालं तर माणूस आंघोळ उरकतो, डबे भरतो. ‘एक मिनिट’ म्हणालं की माणूस तिथेच उभा राहतो. माझी चीड आहे ती त्या उभं राहण्याची.

मशीन २०२४ च्या पाडव्याला घेतलेलं. ७ किलो, १२०० आरपीएम, आत हीटर. बाकी तपशील कुठेही सापडतील. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण बहिणीकडे दुसऱ्याच कंपनीचं आहे आणि तिचंही मिनिट असंच लांबतं.

आधी चांगलं सांगते, म्हणजे पुढे मोकळेपणाने तक्रार करता येईल. मुलाच्या शर्टाच्या कॉलरी निघतात, तेही ब्रश न मारता. पावसाळ्यात जुन्या सेमी ऑटोमॅटिकमधली जीन्स तीन दिवस कुबट वास धरून गॅलरीत लोंबायची, ती आता दीड दिवसात वाळते. पाणी कमी लागतं म्हणतात, ते मी मोजलं. निचऱ्याचा पाइप बादलीत सोडला, तर ४० अंशांवरच्या कॉटनच्या धुण्याला १५ लिटरच्या पावणेचार बादल्या झाल्या. आमच्या सोसायटीत अधूनमधून टँकर मागवावे लागतात, त्यामुळे हा एक आकडा सासूबाईंनाही पटला. बाकी काही पटलेलं नाही. “दोन तास काय धुतंय ते? तेवढ्यात चादरी धुऊन, वाळत घालून, वर माझा चहासुद्धा झाला असता.”

मिनिटाची पहिली भानगड स्टँडने केली. मशीन बसवायला आलेल्या मुलाने मागचे चार वाहतुकीचे बोल्ट काढले (ते फेकू नका, घर बदलताना पुन्हा लावावे लागतात) आणि लगेच १,६०० रुपयांचा चाकांचा स्टँड गळ्यात मारला. “खालून झाडता येतं, मॅडम.” झाडता आलं खरं, कारण मशीन स्वतःच दर धुण्याला वीतभर पुढे यायचं. त्या महिन्यांतले मिनिटाचे आकडे बघा: १५, १७, १४.

कारण नंतर कळलं. शेवटच्या जोराच्या पिळण्याआधी कपडे ड्रममध्ये सगळीकडे सारखे पसरलेत का, हे मशीन तपासतं. डोलणं जाणवलं की थांबतं, ड्रम उलटसुलट हलवतं, पुन्हा प्रयत्न करतं. हे सगळं चालू असताना घड्याळ ०:०१ वर गोठलेलं. डुगडुगत्या स्टँडवर ते बिचारं कधी समाधानी होणार? चार महिन्यांनी स्टँड काढला. खालच्या मजल्यावर फरशीचं काम चालू होतं, तिथल्या गवंड्याची पाणसळ दहा मिनिटांसाठी मागून आणली आणि मशीनचे चारही पाय फिरवून बुडबुडा मधोमध आणला. दुसऱ्याच दिवशी ८. स्टँडवर आता गव्हाचा डबा असतो, १,६०० रुपयांचा राजेशाही डबा.

आणखी एक गोष्ट उलटी वाटते, पण खरी आहे. मशीन थरथरतं म्हणून आपण कपडे कमी टाकतो. इथे एकटी गोधडी किंवा एकटा टर्किश टॉवेल टाकला की तो भिजून एका बाजूला गोळा होतो आणि मिनिट लांबतं. जोडीला चार-पाच टॉवेल टाकले की गप्प बसतं.

आता ऑक्टोबर.

दिवाळीची आवराआवर, शनिवार, हॉलचे पडदे आत. ०:०१. मी घड्याळ बघत उभी. एकवीस मिनिटांनी धून नाही, पीं-पीं आणि पडद्यावर ‘ई’ नि पुढे दोन आकडे. काचेतून बघितलं तर निम्म्या ड्रमपर्यंत राखाडी पाणी आणि त्यात आमचे पडदे मत्स्यालयातल्यासारखे तरंगताहेत. आत पाणी असेतो दार उघडत नाही, ते योग्यच आहे.

ॲपवर तक्रार टाकली. सोमवार दुपार २ ते ४ मिळाले. रविवारी मेसेज: आपली तक्रार सोडवण्यात आली आहे, अनुभव कसा वाटला? घरी चिटपाखरू आलेलं नाही. पुन्हा तक्रार, पुन्हा नवा नंबर. बुधवारी माणूस आला, तोवर पडद्यांना गटाराचा वास सुटला होता. त्याने प्लग काढून लावला, दोन बटणं एकदम दाबली, फोटो काढला.

“पीसीबी, म्हणजे आतलं इलेक्ट्रॉनिक कार्ड, गेलाय मॅडम. झुरळ शिरलं असणार. झुरळ वॉरंटीत बसत नाही.”

“किती?”

“सात हजार आठशे. जीएसटी वेगळा.”

“उघडून बघितलंत?”

“गरज नाही मॅडम, रोज दहा मशीन बघतो.”

“मग झुरळ दिसलं कुठे तुम्हाला?”

यावर तो मोबाइलकडे बघू लागला. मग म्हणाला, “तुम्हाला एक हॅपी कोड आला असेल बघा, तेवढा सांगा म्हणजे व्हिजिट क्लोज होते.” ज्यांनी कधी हे भोगलं नसेल त्यांच्यासाठी: काम झाल्यावर ग्राहक खूश आहे याचा पुरावा म्हणून हा चार आकडी कोड द्यायचा असतो. मी म्हटलं, इथे हॅपी कोणीच नाही, कोड कशाचा देऊ? झुरळामुळे कार्ड गेलं एवढं जॉबशीटवर लिहून सही करा, मग बघू. “साहेबांना विचारून सांगतो,” म्हणून तो गेला. त्या मुलावर माझा राग नाही. दहा ठिकाणी पळवतात त्याला, वाकून बघायला वेळ कुठला? पण मशीनच्या पायाशी तो एकदाही वाकला नाही, हे मी विसरणार नाही.

रात्री साडेदहाला पहिल्यांदा पुस्तिका उघडली. अठरा महिने ती साड्यांच्या कप्प्यात प्लॅस्टिकमध्ये होती. हे वाचून हसणाऱ्यांनी आपली पुस्तिका कुठे आहे ते आधी आठवावं. मशीनच्या खाली उजव्या कोपऱ्यात, जमिनीपासून चार बोटांवर, हाताच्या पंजाएवढं एक झाकण असतं. दीड वर्ष मला ती शोभेची पट्टी वाटली होती. प्लग काढून ते उघडलं, तर आत बोटभर जाडीची रबरी नळी आणि तिच्या टोकाला बूच. बूच काढलं की पाणी येतं, पण चार बोटांखाली ठेवणार काय? परात जात नाही, घमेलं जात नाही. शेवटी ढोकळ्याचं चपटं ताट सरकवलं. ताट भरलं की बूच लावायचं, ताट बादलीत ओतायचं, पुन्हा सरकवायचं. नवरा मोबाइलचा टॉर्च धरून मोजत होता. तेवीस ताटं.

मग नळीशेजारचं मोठं बूच, म्हणजे फिल्टर, डावीकडे फिरवून बाहेर ओढलं. भिजलेल्या उंदरासारखा करड्या लवीचा बोळा. एक रुपयाचं नाणं. दोन यू पिना. ब्राची तार, जी मी शिंप्याकडे हरवली म्हणून भांडले होते. आणि आतल्या पंपाच्या पंख्याभोवती सात-आठ वेढे बसलेला लाल रेशमी दोरा, त्याला एक सोनेरी मणी. मुलाची राखी. हातातून सुटली म्हणून त्याने खिशात घातली होती.

दोरा भुवयांच्या चिमट्याने सोडवायला पाऊण तास लागला. पंखा बोटाने फिरवून बघितला तर अडखळत, टप्प्याटप्प्याने फिरतो. ते आतल्या चुंबकामुळे असतं, मोडला म्हणून घाबरू नका. मी पाच मिनिटं घाबरले होते. सगळं बसवलं, बूच घट्ट पिळलं, फक्त पाणी काढून पिळायचा प्रोग्रॅम लावला. न्हाणीघरातल्या जाळीवर पाण्याचा असा लोट आला की सासूबाई उठून आल्या.

नवरा म्हणाला, “हॅपी कोड दे आता.”

दुसऱ्या दिवशी ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, फोन करून तक्रार नोंदवली. कार्ड शाबूत असताना ७,८०० मागितले म्हणून. चौथ्या दिवशी कंपनीतून एका बाईंचा अतिशय गोड फोन आला, “थोडा गैरसमज झाला.” झाला असेल. त्यांना विचारलं, फिल्टर दर महिन्याला साफ करायचा असतो हे मशीन बसवताना का सांगत नाहीत? त्या म्हणाल्या, पुस्तिकेत आहे. तिथे मात्र मी गप्प बसले.

मोटरवर दहा वर्षांची वॉरंटी म्हणून मोठा स्टिकर आहे दारावर. या मशीनमध्ये जातं ते बेअरिंग, दाराचं रबर, पंप, कार्ड. मोटर बहुतेक शेवटपर्यंत टिकते. म्हणजे आमच्या आजोबांच्या कवळीवर दात न किडण्याची हमी दिल्यासारखं झालं.

आता मिनिटाकडे परत. इथपर्यंत मी या मशीनला खोटारडं म्हणत होते, आणि हे लिहायला घेतलं तेव्हा मथळाही तसाच ठेवणार होते. पण त्या रात्रीनंतर कॅलेंडरची पानं मागे उलटून बघितली. २०२५ चा जुलै: ६, ७, ६, ८. राखीपौर्णिमा ९ ऑगस्टला. त्यानंतर १०, १२, ११, १४. सप्टेंबरात १६. मग ते २१. पंप हळूहळू गळा आवळल्यासारखा होत होता, पाणी रडतरखडत निघत होतं, आणि मशीन त्या एका मिनिटात अडकून ते मला अडीच महिने सांगत होतं. मी फक्त आकडा लिहून बस पकडत होते.

पंप साफ झाल्यावरही आकडे सरळ झाले नाहीत. कधी ४, कधी १३, तेच कपडे, तेवढीच पावडर. हे कोडं नोव्हेंबरभर डोक्यात होतं. उत्तर वॉचमनच्या वहीत मिळालं, तिथे टँकर कधी आला ते लिहिलेलं असतं. १३ वाले दिवस सगळे महापालिकेच्या पाण्याचे, ४ वाले टँकरचे! खडकवासल्याचं पाणी मऊ, त्यात साबण भसाभस फेसाळतो. टँकरचं विहिरी-बोअरचं पाणी जड, त्यात तेवढ्याच पावडरचा फेस होत नाही. मी टँकरच्या हिशोबाने टाकलेली पावडर नळाच्या पाण्यात दुप्पट फेस करत होती, आणि फेस असला की पंप हवा ओढत बसतो, पिळणं लांबतं. आता नळाचं पाणी असलं की निम्मी पावडर. पावडर वाचते हे वेगळंच. सासूबाईंना हाही आकडा पटला.

जड पाण्याचं दुसरं दुखणं हीटरवरचा पांढरा थर. तो दिसत नाही, पण गिझरची कॉइल कधी बाहेर काढलेली बघितली असेल तर कळेल. कंपनीची पावडर महाग, म्हणून मी किराण्यातून लिंबूसत्व आणते आणि दोन महिन्यांतून एकदा रिकाम्या ड्रममध्ये १०० ग्रॅम टाकून ६० अंशांवर चालवते. त्यात ब्लीचिंगचं काही मिसळू नका, विषारी वायू होतो.

दाराच्या रबरावर काळे ठिपके पडतात, ते मात्र पूर्ण थांबलेले नाहीत. धुणं झालं की जुन्या बनियनने घडी पुसायची आणि दार चार बोटं उघडं ठेवायचं एवढंच काम. मी उघडं ठेवते, सासूबाई येता-जाता लावून टाकतात. “घरात दारं अशी वासलेली बरी दिसत नाहीत.” यावर कंपनीकडेही उपाय नसावा.

पुन्हा घेईन का, असं शेजारच्या वहिनींनी विचारलं. घेईन, पण स्टँडशिवाय, आणि पहिल्या दिवशी बसवणाऱ्यालाच खाली वाकवून ते झाकण उघडायला लावीन.

जानेवारीत ऑफिसच्या कामाने चार दिवस नागपूरला होते. परत आल्यावर कॅलेंडर बघितलं. मला वाटलं चार चौकटी रिकाम्या असणार. तीन रिकाम्या होत्या. गुरुवारच्या चौकटीत दुधाच्या दीड लिटरखाली सासूबाईंच्या तिरक्या अक्षरात लिहिलेलं होतं: ‘नळाचं पाणी. कुकरच्या दोन शिट्ट्या.’