आठ महिने ओबो ऐकल्यावर: सांगली-मिरजेच्या कानाने

सनईवर वाढलेल्या कानाला पहिला महिनाभर ओबो, म्हणजे सनईसारखंच पत्तीने वाजणारं पाश्चात्य वाद्य, कोता वाटतो. मींड जवळजवळ नाही, मागे तंबोरा नाही, सूर बारीक आणि घट्ट बांधलेला. ज्या गावात सतारमेकर गल्ली आहे तिथे तर हे जास्तच खटकतं. पण आठ महिने रोज अर्धा तास ऐकल्यावर एक खूणगाठ पक्की झाली आहे: ओबोचं रेकॉर्डिंग वादकाच्या दमावरून पारखावं. ऑर्केस्ट्रा किती नामांकित, हा प्रश्न नंतरचा.

बोरूच्या दोन पातळ पात्या समोरासमोर बांधल्या की ओबोची पत्ती होते. टोकाला रुंदी साधारण ७ मिलिमीटर, फट मिलिमीटरभरही नाही. एवढ्याशा फटीतून हवा जाणार किती? त्यामुळे वादकाला हवा कमी पडत नाही, उलट छातीत शिळी हवा साठून तो गुदमरतो. आधी जुनी सोडायची, मग नवी घ्यायची, आणि दोन्ही एका निमिषात. जर्मन संगीतकार शूमानच्या १८४९च्या ‘तीन रोमान्स’मध्ये ही सोय जवळपास नाहीच. ओळी लांबलचक, विश्रांती नावापुरती. चांगल्या रेकॉर्डिंगमध्ये तो सोडलेला श्वास स्पष्ट ऐकू येतो. काही नव्या रेकॉर्डिंगमध्ये तो कापून टाकलेला असतो. सूर स्वच्छ होतो खरा, पण तबलजीची बोटं न लागता ठेका वाजावा तसं काहीतरी वाटतं. अशी रेकॉर्डिंगं दुसऱ्यांदा लावली जात नाहीत.

दमाची खरी परीक्षा जर्मन संगीतकार रिचर्ड श्ट्राउसच्या कॉन्चेर्टोत, म्हणजे एका वाद्यासाठी ऑर्केस्ट्राच्या साथीने लिहिलेल्या रचनेत. सुरुवातीला चेलोंची (खर्जातल्या मोठ्या व्हायोलिनसारख्या वाद्यांची) चार सुरांची कुजबुज, आणि लगेच ओबो जो सुटतो तो पन्नासहून जास्त बार (ठरावीक मात्रांचे छोटे विभाग) थांबायचं नाव घेत नाही. या रचनेची कथाही ऐकण्यासारखी आहे. १९४५ साली युद्ध संपताना जॉन डी लान्सी हा अमेरिकन सैनिक जर्मनीतल्या गार्मिशला श्ट्राउसच्या घरी जात असे. लष्करात जाण्यापूर्वी तो पिट्सबर्ग ऑर्केस्ट्रात ओबो वाजवायचा. ‘ओबोसाठी कॉन्चेर्टो लिहायचं कधी मनात आलं का?’ असं त्याने विचारलं. उत्तर मिळालं, ‘नाही.’ विषय तिथेच मिटला. काही महिन्यांनी मात्र श्ट्राउसने तो लिहिला, आणि फेब्रुवारी १९४६मध्ये झुरिकला मार्सेल सायेने पहिल्यांदा वाजवला. अमेरिकेतल्या पहिल्या प्रयोगाचा मान डी लान्सीला द्यावा, अशी श्ट्राउसची इच्छा होती. पण तोवर डी लान्सी फिलाडेल्फियाच्या ऑर्केस्ट्रात कनिष्ठ वादक होता आणि पहिली खुर्ची, म्हणजे मुख्य ओबोवादकाची जागा, मार्सेल ताब्युतोची. शेवटी तो मान मिच मिलर या दुसऱ्या ओबोवादकाकडे गेला. डी लान्सीने ही रचना ध्वनिमुद्रित केली ती १९८७मध्ये, साठी उलटल्यावर. इंग्लिश ओबोवादक लेऑन गूसेन्सचं याच रचनेचं १९४७चं जुनं रेकॉर्डिंग शेजारी ठेवून ऐकावं. ते मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकड्यांच्या जमान्यातलं. एका बाजूला जेमतेम साडेचार मिनिटं मावायची. खरखर आहे, पण सुरातलं कंपन आजही मोहवतं.

तंबोऱ्यावाचून चुकल्यासारखं वाटत असेल तर इटालियन संगीतकार बेरिओची १९६९ची ‘सेक्वेन्झा ७’ काढावी. ओबोवादक हाइन्त्स होलिगरसाठी लिहिलेल्या या रचनेत एकच सूर मागे अखंड चालू असतो: आपल्या पेटीवरची पांढरी सात. जर्मन स्वरलेखनात या सुराचं अक्षर ‘एच’, म्हणजे होलिगरच्या नावाचंच पहिलं अक्षर आहे. सनईच्या जोडीला सूर धरणारा बसतो ना, अगदी तोच प्रकार. फक्त हा सूर धरणारा बहुधा पडद्याआड. इलेक्ट्रॉनिक तंबोरा लावून साथ करायचा मोह होईल, तर आधी त्याची पट्टी, म्हणजे पांढरी सहा किती हर्ट्झवर (सेकंदाला किती कंपनांवर) लावली आहे ते तपासावं. तंबोरा ४४०वर आणि रेकॉर्डिंग ४४२वर असेल, तर पांढऱ्या सातवर सेकंदाला दोनेक हेलकावे येतात आणि डोकं उठतं. जुन्या धाटणीच्या ओबोवरची बरोक (सतराव्या-अठराव्या शतकातल्या) संगीताची रेकॉर्डिंगं बहुतेक ४१५वर असतात, म्हणजे पांढऱ्या सहाच्या जागी काळी चार. तिथे तंबोरा बंदच बरा.

सुरुवात कुठून करावी, असं कोणी विचारलं तर बेंजामिन ब्रिटन या इंग्लिश संगीतकाराच्या १९५१च्या ‘ओव्हिडनुसार सहा रूपांतरं’कडे बोट दाखवेन. साथ नाही, सगळा मिळून पाव तासही नाही. पहिला प्रयोग ओबोवादक जॉय बाउटनने इंग्लंडमधल्या थॉर्पनेसच्या तळ्यावर केला. पाचव्या भागात स्वतःच्याच रूपावर भाळलेला नार्सिसस आणि त्याचं प्रतिबिंब एकमेकांना उत्तरं देतात, एक मोठ्याने, एक हळू. तुमचा स्पीकर हा फरक दाखवत नसेल तर दोष स्पीकरचा.

स्पीकरला मोठा वूफर लागत नाही, कारण ओबोचा सर्वांत खालचा सूरच सुमारे २३३ हर्ट्झचा. त्रास देतो तो ३००० हर्ट्झच्या आसपासचा पट्टा. ओबोचा जोर तिथेही असतो, आणि स्वस्त स्पीकरही तिथेच कर्कश होतात. इक्वलायझरवर (आवाजाचे वेगवेगळे पट्टे कमी-जास्त करायच्या सोयीवर) तेवढाच पट्टा २ डेसिबल उतरवला की कान निवतात. पंखा मात्र बंद हवा, नाहीतर श्वास ऐकू येत नाही. एप्रिलमध्ये सांगलीत हे कसं जमायचं, ते ज्याचं त्याने बघावं.

गाण्यांच्या ॲपवरचा शोध हा वेगळाच ताप. मोत्सार्टच्या ओबो कॉन्चेर्टोचा यादीतला क्रमांक ‘के. ३१४’ टाकला की निम्म्या वेळा बासरी येते. मूळ रचना १७७७ची, फेर्लेन्डिस या ओबोवादकासाठी, सी मेजर या पट्टीत. पुढच्या वर्षी मोत्सार्टने तीच डी मेजरमध्ये बासरीसाठी खपवली. ओबोची हस्तलिखितं साल्झबुर्गला सापडली ती थेट १९२०मध्ये. म्हणून शोधताना ‘ओबो’ आणि ‘सी मेजर’ दोन्ही लिहावं. इटालियन संगीतकार मार्चेल्लोच्या ओबो कॉन्चेर्टोचंही तसंच. रचना आलेस्सान्द्रोची, पण अजून कित्येक ठिकाणी भाऊ बेनेदेत्तोच्या नावावर पडलेली, कधी डी मायनर तर कधी सी मायनर. दोन्ही नावांनी शोधावं. मधला संथ भाग लागला की रचना तीच आहे हे लगेच कळतं.