बारालाचाला जुनी बुलेट न्यायची असेल तर नाना पेठेतलं हे गॅरेज

पुण्याच्या नाना पेठेत स्पेअर पार्टच्या दुकानांच्या रांगेत, आतल्या बोळात चाचांचं एका शटरचं गॅरेज आहे. कार्बोरेटरवाली बुलेट मनाली-लेह रस्त्यावर, बारालाचा खिंडीतून न्यायची असेल, तर आधी त्यांना दाखवा.

दुसऱ्या एका ठिकाणी मला नवा सायलेन्सर, जादा दिवे, गार्ड अशी यादी हातात दिली होती. चाचांनी त्यातलं काहीच लावलं नाही. चेन-स्प्रॉकेट बदललं, ब्रेकला नवे लायनर टाकले आणि क्लचची एक नवी वायर जुनीच्या शेजारून ओढून बांधून ठेवली. "ताई, तुटली की नुसती टोकं जोडायची." मग मला खाली बसवून ती टोकं माझ्याच हातानं जोडून घेतली, पुन्हा पुन्हा, न बघता जमेपर्यंत.

माझ्या मते पैसे या शिकवण्याचे आहेत. वाटेत तांडी गावच्या पेट्रोलपंपावर पाटीच आहे, पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर. तिथून बारालाचा चढायचा, म्हणजे ४,८९० मीटर. हवा विरळ आणि कार्बोरेटर पेट्रोल देतो पुण्याच्या हिशेबानं; गाडी काळा धूर ओकते, प्लग काजळतो, चढाला दम राहत नाही. हवेचा स्क्रू किती सोडायचा आणि उतरल्यावर परत किती कसायचा, हे चाचांनी इंजिनाचा आवाज ऐकवून शिकवलं. खिंडीत ते शब्दशः कामी आलं. झिंगझिंगबारच्या पुढे दुपारी बर्फ वितळून नाले रस्त्यावरून वाहतात. पाण्यातून निघाल्यावर ब्रेक हलका दाबून थोडं अंतर चालवायचं, म्हणजे लायनर सुकतात, हेही त्यांचंच.

अटल बोगद्यामुळे २०२० पासून रोहतांग खिंड टाळता येते, या रस्त्यानं बारालाचा मात्र ओलांडावाच लागतो आणि तो बर्फानं हिवाळाभर बंद असतो. बीआरओनं (सीमा रस्ते संघटनेनं) रस्ता मोकळा केला की सगळे एकदम निघतात, त्यामुळे मे महिन्यात चाचांकडे गाड्या बोळाबाहेर लागतात. एप्रिलमध्येच गाडी टाका.

एक गोष्ट खटकली: बिल लिहून मिळत नाही, काय बदललं ते आपणच टिपून ठेवायचं. जाताना स्वतःची पान्ह्यांची पिशवी घेऊन जा. चाचा त्यातले न लागणारे पान्हे काढून ठेवतात आणि उरलेले तुमच्याच गाडीवर चालवून बघायला लावतात.